थप्पीच्या आतली पोती

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दिवाळी सरली की आमच्या ओळखीच्या घरांतून एक फोन हमखास येतो. "मुलगा एम.कॉम.ला आहे, त्याला कुठे बँकेत, नाहीतर शेअर बाजाराच्या कंपनीत इंटर्नशिप लावून द्याल का?" यातले ‘लावून द्याल का’ हे शब्द मला खटकतात. चिकटवून दिलेला मुलगा दोन महिने चिकटून बसतो, आणि प्रमाणपत्र घेऊन निघून जातो. त्याच्या पदरात काय पडले, हे कोणी विचारत नाही.

मी स्वतः उमेदवारी केली ती १९९५ साली, लातूरला. सी.ए. होण्यासाठी तेव्हा तीन वर्षांची आर्टिकलशिप करावी लागे. (१ जुलै २०२३ पासून ती दोन वर्षांवर आली आहे.) विद्यावेतन म्हणजे खोलीचे भाडे आणि महिन्याचा डबा कसाबसा भागेल एवढे. पहिले सहा महिने व्हाउचरवर खुणा करण्यात गेले. मग एक दिवस सरांनी मला एका डाळ मिलच्या गोदामात माल मोजायला पाठवले.

हे काम कशासाठी असते ते थोडक्यात सांगतो. व्यापारी बँकेकडून मालाच्या तारणावर कॅश क्रेडिट घेतो. समजा, गोदामात चाळीस लाखांचा माल आहे. त्यातला आठ लाखांचा माल उधारीवर आणलेला असेल, तर तो वजा. राहिले बत्तीस लाख. त्यातून पंचवीस टक्के मार्जिन सोडले, की चोवीस लाख उचलता येतात. याला ड्रॉइंग पॉवर म्हणतात. सगळी इमारत त्या चाळीस लाखांच्या आकड्यावर उभी असते, आणि तो आकडा खरा की खोटा हे गोदामात जाऊन पाहावे लागते.

मी गेलो. तुरीची थप्पी छतापर्यंत लावलेली. रुंदीला दहा पोती, उंचीला बारा, खोलीला आठ. गुणाकार केला, नऊशे साठ. व्यापाऱ्याच्या कागदावरही नऊशे साठच. चहा घेतला, कागदावर सही ठोकली आणि पाचच्या आत ऑफिसात परतलो. आपण काम चोख केले, या आनंदात होतो.

दुसऱ्या दिवशी सरांनी कागद पाहिला. "मधली पोती कशी मोजलीस?"

"सर, गुणाकार केला."

"वर चढून पाहिलंस?"

मी गप्प. वर ताडपत्री अंथरलेली होती आणि ती उचलायला सांगण्याचा मला संकोच वाटला होता. खरे तर मनात शंका आली होती. पण एवढ्या मोठ्या माणसाला कसे सांगायचे, म्हणून मी गप्प बसलो होतो. ते मी सरांना सांगितले. सर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सही तुझी आहे. आत्ताच परत जा."

पुन्हा गेलो. या वेळी शिडी मागितली. ताडपत्री बाजूला केली, तर खाली फळ्या आणि फळ्यांखाली विहिरीसारखा खड्डा. चारी बाजूंनी पोती आणि मध्ये पोकळी. तीनशे तीस पोती कमी भरली. माल विकला गेला होता, पैसे दुसरीकडे वळवले होते, आणि कर्जाच्या कागदावर मात्र थप्पी भरलेली होती.

संध्याकाळी खोलीवर आलो तेव्हा लक्षात आले, की ज्या बँकेसाठी आम्ही ही मोजणी करत होतो, त्याच बँकेत माझ्या आईची मुदत ठेव होती. आदल्या दिवशीची माझी सही तशीच पुढे गेली असती, तर? वित्तीय सेवा म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळले. कागदावरच्या प्रत्येक आकड्यामागे कोणाची तरी ठेव असते.

आता माझे स्वतःचे छोटेसे ऑफिस आहे आणि मी विद्यार्थी घेतो. कोणाला घेतो? एक उदाहरण देतो. बार्शीकडच्या एका मुलीचे पत्र आले. ओळख कोणाचीच नाही. पत्रासोबत एक पान जोडले होते. तिने गावातल्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल वाचला होता. तो सभासदांच्या घरोघरी येतो आणि बहुतेक ठिकाणी रद्दीत जातो. तिने लिहिले होते, ‘ठेवी वाढल्या आहेत, पण थकीत कर्जे त्याहून वेगाने वाढली आहेत, आणि तरतूद मात्र गेल्या वर्षीएवढीच आहे. असे का?’ शिवाय तिने हेही नोंदवले होते, की बँकेतल्या ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. मी तिला त्याच दिवशी फोन केला.

तेव्हा मित्रहो, अर्जात ‘मी मेहनती आहे’ असे लिहू नका. काहीतरी वाचा, त्यावर एक पान लिहा. वेळ सांभाळा. रिझर्व्ह बँकेच्या उन्हाळी इंटर्नशिपचे अर्ज साधारणपणे आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये घेतले जातात. एप्रिलमध्ये जागे होणाऱ्याला तिथे जागा नसते. सेबीने स्थापन केलेल्या एन.आय.एस.एम. या संस्थेची एखादी परीक्षा दिली असेल, तर समोरच्याला तुमची तयारी दिसते.

रुजू होण्यापूर्वी तीन प्रश्न जरूर विचारा. काम नेमके कोणते? शिकवणार कोण? विक्रीचे उद्दिष्ट आहे का? कारण पुष्कळ ठिकाणी इंटर्नशिपच्या नावाखाली मामा-मावशींची डीमॅट खाती उघडून घेतात. परीक्षा आणि नोंदणी नसताना म्युच्युअल फंड विकायला सांगितले, तर स्पष्ट नकार द्या. ते नियमात बसत नाही. आणि जागेसाठी कोणी पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरा.

एकदा आत गेलात, की एक वही ठेवा. रोज संध्याकाळी दोन ओळी लिहा. आज काय केले, आणि ते का केले? ‘का’ लिहिता आले नाही, तर दुसऱ्या दिवशी विचारा. बँकेचे पासबुक आणि खातेवही जुळवण्याचे काम कंटाळवाणे वाटते. पण चूक आणि लबाडी दोन्ही तिथेच सापडतात. स्वतःची चूक लक्षात आली, तर त्याच दिवशी सांगा. आज सांगितलेली चूक खोडरबराने पुसता येते, महिन्याने सांगितलेलीसाठी वकील लागतो.

आणि तोंड बंद ठेवा. ग्राहकाचा कागद मोबाइलवर कोणाला पाठवू नका. शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीची जाहीर न झालेली, भावावर परिणाम करणारी बातमी कानावर आली, तर तिच्या जोरावर शेअर घेणे आणि ती भाऊजींना सांगणे, दोन्ही सेबीच्या २०१५च्या नियमांनी निषिद्ध आहे.

ती बार्शीची मुलगी पहिल्या आठवड्यात एका गोदामावर गेली. परतल्यावर तिच्या ड्रेसवर धूळ होती आणि गुडघ्याला खरचटले होते. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "सर, वर चढून पाहिलं. पोती बरोबर आहेत."

मी तिच्या कागदावर सही केली.