दाराबाहेर राहिलेला घरधनी

जन्मभर विद्यार्थ्यांना मीं एकच उपदेश केला : प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहूं नका. तो मीं स्वतः कसा मोडला, त्याची ही हकीकत आहे.

कोंकणांतील आमच्या गांवच्या वाचनालयांत लिनक्सवर चालणारा एक संगणक आहे. पुस्तकांची यादी त्यांत असते, आणि वाचकांच्या टेबलांवरील संगणक ती त्याच्याकडूनच मागून घेतात. त्याची देखभाल मी पुण्याहून 'एसएसएच' नांवाच्या वाटेनें करतों. ही वाट १९९५ सालीं फिनलंडमधील तातू इलोनेन यांनीं काढली. त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यांत कोणी चोरानें परवलीचे शब्द टिपले होते. तेव्हां सर्व संभाषण सांकेतिक लिपींत पाठविण्याची ही युक्ति त्यांनीं योजिली.

गेल्या श्रावणांत एके रात्रीं मीं त्या यंत्राची फायरवॉल, म्हणजे वेशीवरची चौकी, चालू केली. यंत्रानें विचारलें, 'एसएसएचची चालू जोडणी यामुळें तुटण्याचा संभव आहे. पुढें जावें काय?' मीं न वाचतांच होकार दिला. संभाषण कांहीं तुटलें नाहीं. सर्व ठीक आहे असें समजून मीं निरोप घेतला. सकाळीं ग्रंथपालांचा फोन आला, "मास्तर, एकाहि टेबलावर यादी दिसत नाहीं." मी आंत जाऊं लागलों, तों तिकडून उत्तरच येईना.

श्रोतेहो, दार न उघडण्याचे मुख्य प्रकार तीन आहेत, आणि प्रत्येकाचें निदान निराळें. पहिला, तत्काळ नकार : 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. यंत्र जागें आहे, परंतु २२ क्रमांकाच्या दारामागें एसएसएचचा सेवक बहुधा बसलेलाच नाहीं. तो सुरू करावा, किंवा दाराचा क्रमांक बदलला आहे काय तें पाहावें. दुसरा, 'परमिशन डिनाइड'. येथें दारापर्यंत आपण पोंचलों, पण ओळख पटली नाहीं. किल्ली चुकीची असेल, अथवा किल्ल्यांचा कप्पा इतरांस लिहिण्यास मोकळा राहिला असेल. असा उघडा कप्पा सेवक विश्वासार्ह मानीत नाहीं. कप्प्यास ७०० व आंतील किल्ल्यांच्या यादीस ६०० अशी मुभा ठेवावी. तिसरा प्रकार मौनाचा : बराच वेळ वाट पाहून 'टाइम्ड आउट'. पत्ता चुकला आहे, यंत्र बंद आहे, किंवा फायरवॉल आपले निरोप मुकाट्यानें गिळीत आहे.

यंत्र चालू असल्याचें ग्रंथपालांनीं सांगितलें. पत्ताहि तोच होता. अर्थात् दोष चौकीचा. उबुंटूवरील 'यूएफडब्ल्यू' ही चौकी बाहेरून येणाऱ्या प्रत्येक नव्या पाहुण्यास अडविते. आधींच आंत बसलेल्यास मात्र सहसा उठवीत नाहीं. त्या रात्रीं मी आंत बसलेला पाहुणा होतों. सकाळीं नवा झालों!

त्या यंत्रास पडदाहि नव्हता आणि कीबोर्डहि नव्हता. भर पावसांत एस. टी.नें रात्रभर प्रवास करून मी गांवीं गेलों, उसना पडदा जोडला आणि एक ओळ लिहिली : 'यूएफडब्ल्यू अलाउ ओपनएसएसएच'. यादीसाठीं ८० क्रमांकाचें दारहि मोकळें केलें. दोन मिनिटांचें काम! तोंवर वाचक दोन दिवस रिकाम्या हातांनीं परत गेले होते. त्यांत शाळेंतील मुलेंहि होतीं, याची चुटपुट मला अजून लागून आहे.

तेव्हां आतां माझा नेम असा : आधीं एसएसएचला मुभा द्यावी, मग चौकी बसवावी. चालू खिडकी बंद न करतां दुसऱ्या खिडकींतून नव्यानें आंत जाऊन पाहावें. दहा मिनिटांनीं चौकी आपोआप उठेल, असा हुकूम आधींच देऊन ठेवावा. प्रवेश साधला, कीं तो रद्द करावा.

चोरास अडविण्यापूर्वीं घरधन्याची वाट राखावी; आणि यंत्रानें प्रश्न विचारला, तर तो शेवटपर्यंत वाचावा.