सटवाईचा कोरा कागद
(डोंगरकडा येथें दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मूल जन्मलें कीं पांचवीच्या रात्रीं आपण सटवाई पूजितों. पाटावर कागद व लेखणी ठेवितों, आणि देवी बाळाच्या कपाळीं आयुष्य व रोग लिहून जाते असें समजतों. सकाळीं तो कागद कोराच असतो, हें तुम्हीही पाहिलें आहे. मग लिहितें कोण?

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भार बाया तपासल्या. बाया शेतांत राबणाऱ्या. वजन सरासरी ४२ किलो. त्यांचीं बाळें सरासरी २.७ किलोंचीं भरलीं. इंग्लंडांतील साउथॅम्प्टनचीं बाळें ३.५ किलोंचीं. आपलें बाळ हातापायांनीं रोड, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानें फारशी कमी नाहीं. असें मूल मोठें होऊन अंगानें सुटलें, म्हणजे त्याला मधुमेहाचा व हृदयरोगाचा धोका अधिक. चाळिशींत लघवीत साखर निघाली कीं आपण नशिबाला बोल लावितों. तिचें कांहीं बीं आईच्या पोटींच पडलेलें असतें.

त्याच खेड्यांत असेंही दिसलें कीं, ज्या गरोदर बायांच्या खाण्यांत पालेभाजी, दूध व फळें वरचेवर होतीं, त्यांचीं बाळें वजनदार; आणि ज्यांच्या अंगावर कष्ट फार, त्यांचीं लहान. ही लेखणी पंचांगवाल्याच्या हातांत नव्हे, चुलीपाशीं व बांधावर आहे.

आतां शहाणे लोक आम्हांस सांगतात, राहणी सुधारा, फळें खा. ठीक आहे. पण सातव्या महिन्यांत हळद काढावयास वाकलेली मजूर बाई राहणी कशी सुधारणार? रोज बुडाला तर चूल बुडते. केळीचा घड तिच्या डोक्यावरून गाडींत जातो आणि तिच्या लेकराला केळें मिळत नाहीं! तिला त्या दिवसांत हलकें काम व पुरी मजुरी मिळावी आणि पाणी दाराशीं यावें, हें आपण गांवानें मागितलें पाहिजे. डॉक्टरच्या गोळीनें तें होणार नाहीं.

परंतु सुनेनें सर्वांच्या शेवटीं उरलेंसुरलें खावें, ही रीत कोणी सावकारानें लादलेली नाहीं. ती आपलीच आहे. अठरा वर्षें पुरीं होण्याआधीं पोरीचें लग्न उरकण्याचीही आपलीच. कायदा तें मना करितो, तरी मांडव पडतात. अशी अर्धवट वाढलेली पोर आई होते, तिचें बाळ लहान, त्यांत मुलगी झाली तर पुन्हां तेंच. नवसाच्या बकऱ्याला पैसे निघतात. दुधाला निघत नाहींत.

अंगणवाडींत गरोदर बाईचें वजन होतें, तिच्या नांवाचा शिधा मिळतो. तो घरीं येऊन साऱ्या पोटांत वांटला जातो, हें आम्ही पाहतों. सासूबाईंनो, तो तिच्याच ताटांत पडूं द्या, आणि तिला तुमच्या आधीं जेवूं द्या.