सातवीच्या विज्ञानाची श्रेणी
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



विज्ञान विषयाच्या मूल्यमापनाबद्दल चार शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले आहे. विषय तसा रुक्ष आहे. परंतु प्रगतीपत्रक घरी गेल्यावर जे बोलणे होते ते रुक्ष नसते. कधीकधी त्या एका अक्षरावरून मुलाने पुढे काय शिकायचे, याचा निकाल जेवणाच्या ताटावरच लागतो. म्हणून ते अक्षर कसे ठरते हे आपणांस ठाऊक असावे, असे मला वाटते.

आधी माझी स्थिती सांगतो. मी बी.ए., बी.एड. आणि माझा विषय इतिहास. सहावी-सातवीचे विज्ञान माझ्याकडे आले ते दुसरे कोणी नव्हते म्हणून. पहिली दोन वर्षे मी आदल्या रात्री वाचून दुसऱ्या दिवशी शिकवीत असे. तेव्हा विज्ञानाचा पंडित म्हणून मी आपल्यापुढे उभा नाही. मुलांबरोबर शिकत गेलेला एक शिक्षक म्हणून बोलतो आहे.

आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. जो पालक मूल शाळेत पाठवीत नसे त्याला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळी एक रुपया ही थोडी रक्कम नव्हती. त्याआधी १९०६ साली महाराजांच्याच पाठबळावर येथे मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली व मुस्लिम मुलांच्या बोर्डिंगची सोय झाली. त्या पिढीपुढे मूल शाळेत येते की नाही हा प्रश्न होता. आज मूल शाळेत येते. आता प्रश्न असा की, त्याला काय समजले आहे, हे आपण कशावरून ओळखतो?

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाचे मूल्यमापन सातत्याने व सर्व बाजूंनी व्हावे, त्याची समज आणि ती समज वापरण्याची कुवत पाहावी, असे त्यात म्हटले आहे. त्याला अनुसरून आपल्या राज्याने २० ऑगस्ट २०१० रोजी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय काढला. त्यात प्रत्येक सत्राच्या शंभर गुणांचे दोन भाग केले. वर्षभर वर्गात जे चालते ते आकारिक आणि सत्राच्या शेवटी होणारी परीक्षा ती संकलित. पाचवी-सहावीला हे दोन भाग निम्मेनिम्मे, तर सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६० असे ठरले. शंभरापैकी ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२ आणि ३३ ते ४० ड. त्याखाली ई-१ व ई-२. ई मिळालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन करून निदान ड पर्यंत आणणे हे शिक्षकाचे काम आहे. त्याला नापास म्हणून हिणवणे कोणाचेच काम नाही.

साठ गुणांचे मी फारसे बोलत नाही. ते आपणांस समजतात, कारण आपणही लेखी परीक्षा दिलेल्या आहेत. गैरसमज होतो तो चाळीस गुणांबाबत. मी सातवीला ते असे वाटतो: प्रयोगाला १०, प्रकल्पाला १०, पुस्तक उघडून सोडवायच्या चाचणीला १०, तोंडी कामाला ५ आणि वर्गकार्य-स्वाध्यायाला ५. पुस्तक उघडून चाचणी म्हटले की पालक हसतात. "मग त्यात अवघड ते काय?" असे विचारतात. एकदा सोडवून पाहा. "ओले कपडे पावसाळ्यात लवकर का वाळत नाहीत?" या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातून उतरून काढता येत नाही. पुस्तकात बाष्पीभवन असते. त्याची आपल्या दोरीवरच्या कपड्यांशी गाठ मुलालाच घालावी लागते.

आता एक हकिगत सांगतो. ती माझ्या चुकीची आहे.

सातवीत एक मुलगी होती. दुसऱ्या सत्रात आम्ल आणि आम्लारी ओळखण्याचा प्रकल्प दिला होता. बहुतेकांनी रंगीत कार्डशीटवर तक्ते करून आणले. एकाने थर्मोकोलचा ज्वालामुखी आणला. त्याचा विषयाशी संबंध एवढाच की आत सोडा आणि व्हिनेगर होते. तो विकत आणलेला होता हे मला दिसत होते. (सजावटीच्या थर्मोकोलवर राज्यात २०१८ साली बंदी आली, पण शाळेच्या प्रकल्पांना ती अद्याप कळलेली दिसत नाही.) तरी तो सुबक होता म्हणून मी दहापैकी नऊ दिले. या मुलीने वहीची चार पाने आणली. त्यांवर हळदीचे डाग, हळदीने रंगवलेले कागदाचे तुकडे चिकटवलेले आणि मध्येच खाडाखोड. तिच्या मामांच्या गावी गुऱ्हाळ आहे. रस उकळताना काहिलीत चुना का घालतात, असे तिने गुळव्याला विचारले होते. रसाचा आंबटपणा मारला जातो आणि मळी वर येते, असे तो म्हणाला. म्हणजे रस आम्लधर्मी असला पाहिजे, असे समजून तिने हळदीचा कागद रसात बुडवला. तो पिवळाच राहिला. लिंबात बुडवला, पिवळाच. साध्या पाण्यात, तरीही पिवळाच. चुन्याच्या निवळीत आणि साबणाच्या पाण्यात मात्र लाल झाला. खाली तिने निष्कर्ष लिहिला होता: "हळदीला आंबट कळत नाही."

मी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली. मला हवे होते "उसाचा रस आम्लधर्मी आहे". दहापैकी तीन गुण दिले. सत्राची बेरीज ५७ झाली आणि श्रेणी क-१.

निकालानंतर तिचे वडील भेटायला आले. उद्यमनगरात फौंड्रीत कामाला आहेत. म्हणाले, "सर, पोरगीला विज्ञान काय जमत न्हाई म्हना की. नर्सिंगचं खूळ घेतलंय डोक्यात. पुढं शिवणाच्या क्लासला घातली तर बरं पडंल न्हवं?" मी "बघू पुढे" म्हणालो. शिवणकामात कमीपणा आहे असे मी म्हणत नाही. पण त्यांनी तो निर्णय माझ्या एका अक्षराच्या भरवशावर घेतला होता.

जूनमध्ये नव्या सातवीला हाच पाठ घ्यायचा म्हणून मी घरी स्वयंपाकघरात प्रयोग करून पाहिला. खरे सांगायचे तर पहिल्यांदाच. हळदीचा कागद लिंबात बुडवला आणि तो पिवळाच राहिला. पाण्यातही पिवळाच. तेव्हा मला ती चार पाने आठवली. हळद हा आम्लारी दाखविणारा दर्शक आहे. आम्ल कोणते आणि उदासीन कोणते हा भेद तिला दाखविता येत नाही. त्यासाठी जास्वंदीच्या फुलाचा अर्क किंवा लिटमस घ्यावा लागतो. म्हणजे त्या मुलीचे वाक्य अक्षरशः बरोबर होते. शिवाय आपल्या साधनाला काय कळते आणि काय कळत नाही हे तिने शोधले होते. वर्गात दुसऱ्या कोणाला हे सुचले नव्हते, शिक्षकालाही नाही.

दहापैकी नऊ दिले असते तर बेरीज ६३ होऊन ब-२ आली असती. परंतु पत्रके गेली होती, निकाल नोंदला गेला होता. मी ती वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. सगळे वाचून दाखवले. वडील जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग चूक तुमची म्हना की, सर." मी म्हणालो, "होय भाई, माझीच." मुलगी आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. शिवणाच्या क्लासचा विषय तूर्त मागे पडला आहे. ती आता आठवीत आहे.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. प्रयोगात आधी "मला काय वाटते" ते लिहायचे, मग करायचे, मग जे दिसले तेच लिहायचे. वाटले एक आणि दिसले दुसरे, तर गुण जात नाहीत. पहिले खोडून टाकले तर जातात. प्रकल्पाचे निम्मे गुण मी वहीला देत नाही, मुलाच्या बोलण्याला देतो. समोर बसवून विचारतो, "हे तू कसे केलेस? दुसऱ्यांदा केले तर काय बदलशील?" विकतचा ज्वालामुखी या प्रश्नापुढे गप्प बसतो. मराठीत नीट सांगता येत नसेल तर घरच्या बोलीत सांगावे. हा भाषेचा तास नव्हे. अक्षर वाचता आले म्हणजे पुरे, सुबकपणाला वेगळा गुण नाही. कोणी गैरहजर राहिला तर प्रयोग पुन्हा करू देतो, मात्र शेजाऱ्याची नोंद उतरून आणलेली घेत नाही.

आठवीच्या पालकांची काळजी मी जाणतो. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली, राज्याने २०२३ साली नियम बदलले आणि २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. त्यात कमी पडले तर पुनर्परीक्षा आणि तेथेही कमी पडले तर त्याच वर्गात. त्यामुळे सातवीपासूनच गाइड पाठ करवून घेण्याची घाई सुरू झाली आहे. पाठांतराला माझा विरोध नाही. व्याख्या पाठ असलेली बरी. पण सातवीची दोन सत्रे जर गाइडातच गेली, तर हळदीला काय कळते हे मुलाला आठवीत कोण सांगणार?

पालकांना माझी विनंती मोठी नाही. प्रकल्प आपण करून देऊ नका आणि दुकानातून आणू नका. चुना, हळद, भिंग, दोरी, जुनी बाटली एवढे मागितले तर द्या आणि स्वयंपाकघरात थोडी पसरापसर होऊ द्या. उकळते पाणी, विस्तव आणि वीज असेल तेथे मात्र मोठे माणूस जवळ हवे. क आला तर आधी पत्रक घेऊन माझ्याकडे या, मग मुलाला बोला. अ आला तरी या, कारण तोही माझ्या हातून चुकून गेलेला असू शकतो.

पहिल्या सत्राच्या सर्व वह्या व माझी नोंदवही मी वर्गात ठेवली आहे. कोणत्याही शनिवारी शाळा सुटल्यावर पाहावयास मिळतील. येताना मुलाला बरोबर आणा. वही त्याने समजावून सांगायची आहे, मी नुसता शेजारी बसेन.