गाडीचा टर्बो बदलताना

आम्ही विश्रामबागेतल्या बचत गटाच्या अकरा जणी. हळद पावडर, बेदाणा आणि चटण्या करून विकतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. आज मात्र आम्ही पाककृती सांगायला आलेलो नाही. आज बोलायचंय ते गाडीबद्दल. गाडीचं म्हटलं की आपण "ते पुरुषांना विचारा" म्हणून मोकळ्या होतो. त्या मोकळं होण्याचे पैसे आम्ही भरले आहेत, म्हणून सांगतो.

गटाने कर्ज काढून एक जुनी डिझेल पिकअप घेतली. आमच्यातल्या एका वहिनींचा मुलगा ती चालवतो. रत्नागिरीला माल पोचवायचा आणि येताना नारळ भरून आणायचे, असा शिरस्ता. एका खेपेला परतताना साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढताना गाडी ओढेना. शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, मागून निळा धूर निघू लागला. कशीबशी घरी आणली. गॅरेजवाल्याने सांगितलं, टर्बो गेला. आम्ही एवढंच विचारलं, "स्वस्तात किती?" त्याने नाव-नंबर नसलेला एक टर्बो बसवला. तीन आठवड्यांत तोही गेला.

मग गटात कुजबुज सुरू झाली. पोरगाच गाडी रगडतो, असं एक-दोघी म्हणाल्या. वहिनी पुढच्या बैठकीला आल्या त्या कानातली घेऊनच. "माझ्या पोराकडून नुकसान झालं असेल तर हे मोडा," म्हणाल्या. त्या दिवशी आम्हांला लाज वाटली. ठरवलं, दोष कुणाला देण्याआधी वस्तू समजून घ्यायची. दुसऱ्या मिस्त्रींकडे आम्ही चौघी स्वतः गेलो आणि टर्बो डोळ्यांसमोर खोलायला लावला.

चूल नीट पेटावी म्हणून आपण फुंकणीने वारा घालतो. टर्बोचं काम तेच. फरक एवढा, की इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावरच त्याचं एक चाक फिरतं. त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. हवा जास्त मिळाली की डिझेल नीट जळतं, ताकद वाढते. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने 1905 साली या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल काही क्षण जरी कमी पडलं तरी तो घासतो.

आमच्या गाडीत नेमकं तेच झालं होतं. टर्बोला तेल पोचवणारी बारीक नळी काजळीने बुजत आली होती. पहिल्या वेळी ती कुणी काढून पाहिलीच नव्हती. म्हणजे रोग तसाच ठेवून आम्ही टर्बो बदलला होता. पोराची चूक नव्हती. आम्ही वहिनींची भर बैठकीत माफी मागितली.

म्हणून पहिली गोष्ट: टर्बो घेण्याआधी तो का गेला ते शोधा. काळा धूर आणि ताकद कमी, एवढंच असेल तर आधी हवेचे रबरी पाइप फाटलेत का, क्लिप सैल आहेत का, एअर फिल्टर तुंबलाय का, ते बघा. कधी कधी पाइप बदलून काम भागतं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. मग तेलाची जाणारी आणि परत येणारी, दोन्ही नळ्या तपासा.

दुसरी गोष्ट निवडीची. आम्हांला तीन दर मिळाले. नवा चांगल्या कंपनीचा 22,000, रिकंडिशन 12,000 आणि फक्त मधला गाभा, ज्याला गॅरेजवाले कोअर म्हणतात, तो 8,500. तुमच्या गाडीप्रमाणे आकडे बदलतील. बाहेरची दोन्ही घरं शाबूत असतील तरच कोअर बदलून चालतं. आमच्या टर्बोचं चाक आतल्या भिंतीला घासलं होतं, म्हणून तो मार्ग बंद झाला. रिकंडिशन वाईट नसतो, पण चाकं बॅलन्स केल्याचा कागद आणि लेखी गॅरंटी मागा. आम्हांला दोन्ही मिळेना. गाडी आणखी चार वर्षं वापरायची, कर्जाचे हप्ते चालू, आणि घाटात बंद पडली तर ओढून आणायचा खर्च वेगळा. हे सगळं मांडून आम्ही नवा घेतला. ज्यांना गाडी लवकरच विकायची आहे, त्यांना कागद असलेला रिकंडिशन पुरेल.

नंबर जुळवायला विसरू नका. जुन्या टर्बोवर छोटी पट्टी असते, तिचा फोटो काढून दुकानात न्या. त्याच नावाच्या गाडीत वर्षाप्रमाणे टर्बो वेगळा असतो. मोठा टर्बो लावला की ताकद वाढेल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. जुन्या इंजिनाला तो भार सोसत नाही.

बसवताना समोर उभ्या राहा. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर नवे हवेत. एअर फिल्टरही बदला. हवेच्या पाइपांत आणि इंटरकूलरमध्ये साचलेलं तेल पुसून काढायला सांगा, जुन्या चाकाचे तुकडे राहिले तर नवा टर्बो तेच गिळतो. सुरू करण्याआधी टर्बोत स्वच्छ तेल ओतायचं आणि पहिली काही मिनिटं रेस न देता इंजिन चालू ठेवायचं.

आणि रोजची सवय: घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नका. दोन मिनिटं गाडी सावकाश चालू राहू द्या, तापलेला टर्बो थंड होतो. आमच्या पोराने स्टिअरिंगजवळ कागदच चिकटवलाय.

आता गाडीत एक वही असते. ऑइल कधी बदललं, किती किलोमीटरला, कोणता भाग कुठून घेतला, बिल कुठे ठेवलं, सगळं त्यात लिहितो. दर बैठकीत ती वही हिशेबाच्या वहीशेजारी उघडते. गॅरेजमध्ये आता आमच्याशीच बोलतात, कारण प्रश्न आम्ही विचारतो. तुमच्या गटाचं पीठगिरणीचं यंत्र असो की शेवयांचं, ते आत कसं चालतं ते एकदा खोलून बघा. बिघडल्यावर माणसाला दोष देणं त्याने टळतं.

येतो आम्ही. पुढच्या महिन्यात नव्या हळदीविषयी बोलू.