नियुक्तिपत्र पोहोचले पाहिजे



सार्वजनिक सेवेत निवड होणे ही ग्रामीण कुटुंबाच्या जीवनातील मोठी घटना असते. पूर्वी ही वार्ता पोस्टमन आणीत असे. पत्ता अपुरा असला तरी गावचा पोस्टमन माणसाला ओळखत असल्याने लखोटा बहुधा योग्य घरी जाई. आता भरतीचे बरेचसे काम संगणक प्रणालीकडे आले आहे. महाराष्ट्रात शिक्षकभरतीसाठी २०१७ मध्ये ‘पवित्र’ प्रणालीचा निर्णय झाला. उमेदवारांची नोंदणी, अभियोग्यता चाचणीचे गुण आणि पसंतीक्रम यांची सांगड तीत घातली जाते.

नियुक्तीचा प्रस्ताव पाठविणाऱ्या प्रणालींची कार्यपद्धती साधारणपणे सारखीच असते. पत्राचा मसुदा एकदाच तयार होतो. नाव, पद, वेतनश्रेणी, ठिकाण आणि रुजू होण्याची मुदत हा तपशील प्रत्येक उमेदवाराच्या नोंदीतून त्यात भरला जातो. सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेनंतर त्यावर डिजिटल स्वाक्षरी होते आणि शेकडो पत्रे काही क्षणांत ई-मेलने रवाना होतात. मुदतीत स्वीकृती न आल्यास प्रतीक्षा यादीतील पुढील उमेदवाराचा विचार होतो. यामुळे विलंब टळतो आणि प्रत्येक टप्प्याची नोंद राहते, हा लाभ निःसंशय मोठा आहे.

परंतु पत्र पाठविणे आणि ते पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमानुसार प्रस्ताव ज्याच्यासाठी आहे त्याच्या माहितीस आला म्हणजेच तो कळविणे पूर्ण होते. २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमानुसार मात्र, अन्य काही ठरले नसल्यास, उमेदवाराने नेमून दिलेल्या संगणकीय पत्त्यावर संदेश दाखल होताच तो पोहोचला असे मानले जाते. पत्ता उमेदवाराचा स्वतःचा असेल तर या दोहोंतील अंतर अल्प असते. पण अनेक अर्ज बाजारपेठेच्या गावी संगणक केंद्रात भरले जातात आणि पुष्कळदा ई-मेलचा पत्ता केंद्रचालकाचाच दिला जातो. अर्ज आणि निवड यांमध्ये कित्येक महिने जातात. दरम्यान भ्रमणध्वनीचा क्रमांकही बदलतो. गुणवत्तेने मिळविलेली जागा केवळ न वाचलेल्या संदेशापायी हातची जावी, यासारखा अन्याय दुसरा नाही.

तो टाळणे अवघड नाही. मुदत संपण्यापूर्वी ज्यांची स्वीकृती आली नाही त्यांची यादी काढून कार्यालयाने त्यांना दूरध्वनी करावा आणि टपालानेही पत्र धाडावे. एकत्रित पत्रे पाठविण्यापूर्वी काही पत्रे मूळ नोंदींशी ताडून पाहावीत. एका रकान्यातील चूक शेकडो पत्रांत उतरते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना स्वतःचा ई-मेल पत्ता काढण्यास व तो सांभाळण्यास शिकवावे. ग्रामपंचायतीने निवड यादी फलकावर लावून गावातील उमेदवारास निरोप द्यावा. नियुक्तीसाठी पैसे मागणारे पत्र आल्यास ते खरे न मानता संबंधित कार्यालयाकडे खात्री करून घ्यावी, हेही गावोगावी सांगितले पाहिजे.

यंत्राने वेग दिला आहे. जुन्या पोस्टमनची आस्था त्याला जोडणे हे मात्र माणसांचेच काम आहे. उमेदवार प्रत्यक्ष रुजू होईल, तेव्हाच भरतीचे कार्य पूर्ण झाले असे म्हणता येईल.