भागीदार कसा पारखावा?

(खोपोली येथे तरुणांच्या सभेत एका वकिलाने केलेले भाषण)



कर्जत आणि खालापूर या तालुक्यांतील आपले तरुण आज नोकरीच्या अर्जाबरोबर धंद्याचाही विचार करू लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. कोणी भातगिरणी काढू म्हणतो, कोणी वीटभट्टी, कोणी कारखान्यांचा माल वाहण्यासाठी टेंपो घेऊ म्हणतो. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक तरुण विचारतो, "वकीलसाहेब, एकट्याचे भांडवल पुरत नाही. समविचारी भागीदार कसा शोधावा?" मी उलट विचारतो, "समविचारी म्हणजे कोण?" उत्तर ठरलेले असते : आपल्या वस्तीतला, नात्यातला, सभेला बरोबर येणारा. हे उत्तर अपुरे आहे आणि या अपुरेपणापायी घरे बुडालेली मी पाहिली आहेत. त्यांतले एक घर माझेच होते.

माझ्या वडिलांनी आपल्या जिवलग मित्राबरोबर सेंटरिंगचे सामान भाड्याने देण्याचा धंदा काढला. दोघे एका ताटात जेवणारे. म्हणून कागद केला नाही. कागद मागणे म्हणजे मैत्रीचा अपमान, अशी त्यांची समजूत! मित्राने धंद्याच्या नावावर उधारीने माल उचलला, काम थांबले आणि तो गाव सोडून गेला. सावकार दारात उभे राहिले ते आमच्या. आईचे दागिने गेले, पुढे शेताचा तुकडाही गेला. तो मित्र लबाड होता, असे मी आजही म्हणणार नाही. तोटा आला तर काय करावयाचे, हा प्रश्न त्या दोघांनी एकमेकांना एकदाही विचारला नव्हता. जगातील सर्व विषयांवर त्यांचे एकमत होते. फक्त पैशावर ते कधी बोललेच नव्हते!

मग समविचार कशात पाहावा? ज्या बोरघाटाच्या पायथ्याशी आपण जमलो आहोत, त्या घाटातील रेल्वेचे बोगदे बांधण्याच्या कामाशी वालचंद हिराचंद यांचे नाव जोडलेले आहे. त्यांच्या उद्योगाचा आरंभ भागीदारीने झाला. वालचंद हे सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातले. त्यांचे भागीदार लक्ष्मणराव फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. एकाच्या पाठीशी व्यापारी घराणे, तर दुसऱ्याला रेल्वेच्या कारभाराची माहिती. जात एक नव्हती, घराणे एक नव्हते. तरी दोघांनी मिळून रेल्वेची कंत्राटे घेतली. तात्पर्य, आपल्याजवळ जे नाही ते भागीदाराजवळ असावे. सारखा असावा तो हिशेबाविषयीचा विचार.

बौद्ध वाङ्मयातील कूटवाणिज जातकात हीच गोष्ट आहे. पंडित आणि अतिपंडित असे दोन भागीदार व्यापारी होते. बैल, गाड्या, माल, सर्व दोघांचे सारखे. नफा वाटताना अतिपंडित म्हणाला, "मी अधिक शहाणा, म्हणून मला दोन वाटे." एवढ्यावर न थांबता त्याने आपल्या बापाला झाडाच्या ढोलीत बसवून वृक्षदेवतेच्या आवाजात तसा निवाडा देवविला! पंडिताने ढोलीला आग लावताच देवता होरपळून बाहेर पडली आणि वाटे सारखे झाले. वाटणीचा नियम आधी ठरलेला नसला की माणसे देवतांचीही साक्ष काढतात, हा त्यातला बोध.

आता एका नव्या धोक्याकडे मी आपले लक्ष वेधतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतल्यावर त्यांनी शेअरबाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक संस्था काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले आणि ती बंद पडली. त्या काळी आपले नाव धंद्यात नको होते. आज तेच नाव काहींना फार हवेसे झाले आहे! केंद्र सरकारची खाती व उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे २०१२ चे धोरण आहे. भागीदारी असेल तर त्यात या भागीदारांचा वाटा किमान ५१ टक्के लागतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींत बौद्धांचाही समावेश झाला. म्हणून एखादा धनिक येतो आणि म्हणतो, "नाव तुझे, पैसा माझा; तू फक्त सही कर." हा समविचारी भागीदार आहे काय? मुळीच नाही!

कायदा काय म्हणतो ते ऐका. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या २५ व्या कलमाप्रमाणे, आपण भागीदार असताना संस्थेने केलेल्या प्रत्येक व्यवहाराची जबाबदारी आपल्यावर संयुक्तपणे आणि एकट्यानेही येते. सही करणारा नामधारी असला तरी देणेकरी खराखुरा होतो. वाटा ठरविला नसेल तर नफा आणि तोटा सारखाच वाटला जातो. संस्थेची नोंदणी नसेल तर पैसे बुडविणाऱ्या गिऱ्हाइकावर करारावरून दावाही लावता येत नाही. २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी करता येते. परंतु बँकेला आपण जातीने हमी दिली, तर ती मर्यादा तेथे उपयोगी पडत नाही.

म्हणून तरुणांना माझे सांगणे असे. ज्याला भागीदार करावयाचे, त्याच्याबरोबर आधी एक लहान काम करा : एका हंगामाचे भात घ्या, विका आणि हिशेब मांडा. हिशेब मागितल्यावर जो रागावतो तो आपला नव्हे. जो न मागता वही पुढे करतो तो समविचारी. नंतर चार प्रश्न विचारा. घरखर्चासाठी कोणी किती उचलावयाचे? उधारी कोणाच्या संमतीने करावयाची? तोटा कसा सोसावयाचा? वेगळे व्हावयाचे झाल्यास कसे व्हावयाचे? उत्तरे भागीदारीपत्रात लिहा, संस्थेची नोंदणी करा, बँकेत दोघांच्या सह्या ठेवा. आणि सही करण्यापूर्वी तो कागद घरातील स्त्रियांना वाचून दाखवा. कारण संकट आले की पहिला दागिना त्यांचाच जातो.

कागद हा अविश्वास नव्हे. माझ्या वडिलांनी तो केला असता, तर शेत कदाचित वाचले असते आणि मित्रही वाचला असता. वडील अखेरपर्यंत हळहळत राहिले ते शेतासाठी नव्हे, त्या मित्रासाठी.

इतके सांगून मी आपली रजा घेतो. जय भीम!