नागासाकीचे कारागीर

नागासाकी म्हटले की 1945 चा अणुबाँबच आठवतो. परंतु 1571 पासून पोर्तुगीज जहाजे गोव्याकडून मकावमार्गे याच बंदरात येऊ लागली. काचेला जपानीत रूढ झालेला ‘बीदोरो’ हा शब्द पोर्तुगीजांचाच. बांबूच्या कामट्या व कागद यांचा ‘हाता’ नावाचा चौकोनी पतंग प्रवाशाला तेथे स्वतः बनविता येतो. काचपूड लावलेला त्याचा दोरा म्हणजे बडोद्याच्या मांजाचा भाऊबंदच! ‘बेक्को’ ही समुद्री कासवाच्या कवचावरील कारागिरी मात्र बिकट अवस्थेत आहे. 1992 अखेर त्या कवचाची आयात थांबली. तेव्हापासून मुख्यतः जुन्या साठ्यावर काम चालते. कासव जगलेच पाहिजे. पण साठा संपल्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची ही विद्या कशावर जगणार, हा प्रश्न कारागिरापुढे उभा आहे.